व्हिजिटर व्हिसाचा इंटरव्ह्यू आणि सध्याची नोकरी: फॉर्मपासून खिडकीपर्यंत

घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाचे, म्हणजे बी१/बी२ चे (बी१ मीटिंग-कॉन्फरन्ससारख्या भेटीसाठी, बी२ फिरायला किंवा नातेवाइकांकडे जायला) फॉर्म मी शेजारी बसून भरून दिलेत, आणि दरवेळी प्रश्न एकच येतो. "नोकरी चांगली आहे, मग मिळेलच ना?" किंवा त्याच्या उलट, "सध्या नोकरी नाहीये, मग जाऊच नको का?" दोघांनाही मी तेच सांगतो की नुसती नोकरी असण्या-नसण्यावर गाडी अडत नाही, मेळ बसतो का यावर अडते. तुमचं काम, तुमचा पगार, मिळणारी सुट्टी आणि ठरवलेली ट्रिप, या चार गोष्टी एकमेकींना धरून असल्या की साधी नोकरीही चालून जाते, आणि नसल्या की मोठ्या हुद्द्याचा माणूसही हातात नकाराची चिठ्ठी घेऊन बाहेर येतो. मी स्वतः आलोय, ते पुढे सांगतो.

आधी कायदा समजून घ्या, छोटासाच आहे

अमेरिकेचा १९५२ चा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट आहे, त्यातलं कलम २१४(बी). त्याचा मथितार्थ असा की व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिकडे कायमचा राहायलाच चाललाय असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे वकिलातीतल्या व्हिसा ऑफिसरला पटवून द्यायची जबाबदारी तुमची. म्हणजे सुरुवातच उणे मार्कांनी. तुम्हाला परत खेचून आणणारं काय आहे, हे ऑफिसर बघत असतो, म्हणजे घर, कुटुंब, जबाबदाऱ्या, मालमत्ता आणि अर्थात नोकरी-धंदा. यात नोकरी सगळ्यात पटकन तपासता येते, दोन प्रश्नांत कळतं, म्हणून तिच्यावर इतका भर. बाकी काही गूढ नाही.

इथेच एक घोळ दूर करतो. एच-१बी वर, म्हणजे तिकडे नोकरी करायच्या व्हिसावर गेलेले मित्र सांगतात, "अरे दोन मिनिटांत झालं, कंपनीचं नाव विचारलं नि संपलं." त्यांचं ऐकून तयारी करू नका. एच-१बी आणि एल (कंपनीच्या तिकडच्या ऑफिसात बदली झाल्यावरचा) व्हिसाला हे २१४(बी) चं गृहीतक लागूच होत नाही, त्यांचा इंटरव्ह्यू वेगळा, आपला वेगळा.

फॉर्म: ऐंशी टक्के गडबड इथेच होते (आकडा माझ्या मनाचा, पण अनुभव खरा)

डीएस-१६० नावाचा ऑनलाइन फॉर्म असतो. २० मिनिटं काही केलं नाही तर बंद पडतो, म्हणून मध्ये मध्ये सेव्ह करत राहा आणि अ‍ॅप्लिकेशन आयडी कुठेतरी लिहून ठेवा. इंटरव्ह्यू वकिलातीतल्या खिडकीवर होतो, आणि खिडकीपलीकडचा माणूस तुमच्याशी बोलताना हाच फॉर्म समोर उघडून बसलेला असतो, त्यामुळे इंटरव्ह्यू खरा इथेच सुरू होतो.

कामाच्या पानावर पहिल्यांदा व्यवसायाचा प्रकार निवडायचा असतो, मोठी यादी खाली येते, त्यात कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग, एज्युकेशन, गव्हर्नमेंट, बिझनेस, होममेकर, रिटायर्ड, स्टुडंट, नॉट एम्प्लॉइड असं बरंच काही आहे. लोक 'बिझनेस' हा शब्द दिसला की त्यावर क्लिक करतात, काहीतरी भारी वाटतं म्हणून. माझ्या एका नातेवाईकाचा फॉर्म एका एजंटने असाच भरला होता, बिचारा अकाउंट्स खात्यात नोकरीला, आणि फॉर्ममध्ये बिझनेस, वर पगारही वाढवून टाकलेला. त्याला पत्ताच नाही. खिडकीवर "तुमचा कसला बिझनेस आहे?" विचारल्यावर हा म्हणाला, "माझा बिझनेस नाही, मी नोकरी करतो." संपलं तिथेच. म्हणून फॉर्म कोणीही भरो, सबमिट करायच्या आधी शेवटचं पूर्ण प्रिव्ह्यू स्वतः ओळ न ओळ वाचा. सही तुमची आहे, एजंटची नाही.

मग कंपनीचं नाव. इथे ज्यांच्या पेस्लिपवर एका कंपनीचं नाव आणि रोज बसतात दुसऱ्याच कंपनीच्या ऑफिसात, ते अडकतात. सरळ नियम लावा, पगार जी देते ती तुमची कंपनी. कामाचं वर्णन लिहायच्या बॉक्समध्ये मात्र अमुक क्लायंटसाठी काम करतो हे एका वाक्यात लिहून टाका, म्हणजे पुढे प्रश्न आला तर गोंधळ नको.

जॉइनिंगची तारीख या कंपनीतली लिहायची, करिअर सुरू झाल्याची नाही. आणि पगाराचा रकाना नीट वाचा, तिथे महिन्याचा आकडा मागतात, तोही तुमच्या देशाच्या चलनात. वर्षाचं पूर्ण पॅकेज महिन्याच्या रकान्यात टाकलेले फॉर्म मी स्वतः दोनदा पकडलेत, एक तर सबमिट व्हायच्या पाच मिनिटं आधी. बाराने गुणलेला पगार बघून ऑफिसरला काय वाटेल विचार करा. पेस्लिपवर जो आकडा आहे त्याच्याशी जुळणारा लिहा आणि तो कपातीच्या आधीचा की नंतरचा ते तुम्हाला माहीत असू द्या.

कामाच्या वर्णनाचा बॉक्स छोटा दिसतो पण माझ्या मते पूर्ण पानावर सगळ्यात मोलाचा. तिथे लिंक्डइनवरची भाषा चिकटवू नका. शेजारच्या आजोबांना समजेल असं लिहा.

पुढच्या पानावर आधीच्या नोकऱ्या येतात, मागच्या पाच वर्षांतल्या, हुद्दा, सुपरवायझरचं नाव, तारखा सगळं. तारखा आठवून आठवून लिहू नका, रिलीव्हिंग लेटर काढून बसा. मध्ये सात-आठ महिने गॅप असेल तर असू दे, गॅप हा गुन्हा नाही, पण गॅप झाकायला तारखा ताणल्या तर तो गुन्हाच होतो.

सुट्टीचं गणित, आणि माझी स्वतःची फजिती

आता माझी गोष्ट. चार वर्षं एकाच ठिकाणी नोकरी, पगार बरा, लग्न झालेलं, सगळं व्यवस्थित. भावाकडे जायचं होतं. कोणीतरी सांगितलं, सहा महिने राहायला देतातच, मग कमी कशाला लिहायचं, म्हणून मी फॉर्ममध्ये पाच महिने ठोकून दिले. प्रत्यक्षात जाणार होतो तीन आठवडे! खिडकीवरच्या बाईंनी नोकरीचं विचारलं, मी छाती फुगवून सांगितलं. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "पाच महिने तुमचं काम कोण करणार?" मी म्हणालो, "होईल मॅनेज." त्यांनी काहीतरी टाइप केलं, पासपोर्ट परत आणि सोबत २१४(बी) ची छापील चिठ्ठी. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की ज्या माणसाशिवाय ऑफिस पाच महिने चालतं त्याची नोकरी त्याला परत खेचून आणेल असं कोणाला का वाटावं? कारण कोणी सांगत नाही, हा माझा अंदाज, पण पुढच्या वेळी खरे १८ दिवस लिहिले, तेवढ्याच सुट्टीचं लेटर नेलं, आणि मिळाला.

तर पायरी अशी की आधी ऑफिसात सुट्टीचं बोलून घ्या, किती दिवस मिळतेय ते पक्कं करा, आणि मग फॉर्ममधला मुक्काम लिहा. उलटं करू नका. नोकरीत दोन महिने झालेत आणि ट्रिप तीन महिन्यांची, हे कुठल्याच लेटरने जुळत नाही. बिनपगारी रजा असेल तर तसं सांगा, चालतं, फक्त ऑफिसला ती मान्य आहे हे दिसलं पाहिजे. शिक्षक मंडळींचं सोपं असतं, शाळेची सुट्टी आणि ट्रिपच्या तारखा एकावर एक बसल्या की वेगळं समजवावं लागत नाही.

कागद कोणते

कागदांचा गठ्ठा नेणारे खूप, आणि ऑफिसरने एकही कागद मागितला नाही म्हणून चिडणारे त्याहून जास्त. निर्णय मुख्यतः फॉर्म आणि बोलण्यावर होतो, कागद मागितला तरच. तरी जवळ असावेत. कंपनीच्या लेटरहेडवर नाव, हुद्दा, कधीपासून आहात, पगार, मंजूर रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि कामावर परत रुजू व्हायची तारीख. ही शेवटची तारीख लोक घालायला विसरतात आणि नेमकी तीच कामाची. सोबत अलीकडच्या तीन पेस्लिपा, पगार जमा होतो त्या खात्याचं स्टेटमेंट, टॅक्स रिटर्न. बास.

तिकडच्या नातेवाइकाचं आमंत्रणपत्र किंवा खर्चाची हमी घेऊन लोक निर्धास्त होतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचंच म्हणणं आहे की व्हिजिटर व्हिसाला ते लागत नाही आणि अर्जदाराने स्वतःच्या देशातल्या बंधांवर पात्र ठरायचं असतं, तिकडच्यांच्या भरवशावर नाही. मुलगा तिकडे कितीही कमावत असो, प्रश्न तुम्हालाच येणार.

खिडकीवर: काय करता?

उभ्याउभ्या, काचेच्या अलीकडे, मागे रांग, दोन-तीन मिनिटं. इतक्या वेळात नोकरीबद्दल दोन किंवा तीन वाक्यं बोलायला मिळतात. माझ्या आतेभावाची मी घरी रंगीत तालीम घेतली होती, तो म्हणाला, "मी डिलिव्हरी एनेबलमेंटमध्ये सीनिअर असोसिएट आहे." मी विचारलं, म्हणजे काय करतोस? परत तेच, फक्त जास्त लांब. तिसऱ्यांदा वैतागून म्हणाला, "अरे बँकांची अ‍ॅप बनवतो आम्ही, ती बँकेला द्यायच्या आधी मी आणि माझ्या हाताखालचे सहाजण त्यातल्या चुका शोधतो." म्हटलं हेच! हेच खिडकीवर बोल. हुद्दा फॉर्ममध्ये आहेच, तोंडी काम सांगायचं.

आता एक खास आपल्या भाषेतला धोका. आपण सरसकट "कामासाठी चाललोय", "कामानिमित्त जातोय" म्हणतो, मीटिंग असो, कॉन्फरन्स असो, काहीही. तेच इंग्रजीत शब्दशः भाषांतर होऊन "आय अ‍ॅम गोइंग फॉर वर्क" झालं की ऑफिसरच्या डोक्यात घंटा वाजते, कारण बी१ वर तिथे नोकरी करता येत नाही. मीटिंग, वाटाघाटी, कॉन्फरन्स, सल्लामसलत हे चालतं, तिथल्या कंपनीचं काम करून तिच्याकडून पगार घेणं चालत नाही. तेव्हा "तीन दिवसांची कॉन्फरन्स आहे, माझी कंपनी पाठवतेय, पगार आणि खर्च इकडचीच कंपनी करते" असं स्पष्ट म्हणा. तसंच बी२ वर फिरायला जाताना "लॅपटॉप नेतोय, तिकडूनच काम करीन" हे कौतुकाने सांगायला जाऊ नका, आणि मुळात प्लॅनच तसा असेल तर प्लॅन बदला.

दुसरं, इंग्रजी अडखळत असेल तर अट्टहास नको. बऱ्याच वकिलातींत स्थानिक भाषेत बोलायची सोय असते, फॉर्म किंवा अपॉइंटमेंट करताना भाषा विचारतात तेव्हा नीट निवडा.

ज्यांची नोकरी 'नेहमीची' नाही त्यांच्यासाठी

नवीन जॉब असेल, अजून प्रोबेशन चालू असेल, तर दोन मार्ग. घाई नसेल तर काही महिने थांबा, सरळ फरक पडतो असं माझं मत. घाई असेल, बहिणीचं बाळंतपण वगैरे, तर ट्रिप छोटी ठेवा आणि आधीची नोकरी किती वर्षं होती ते सांगा, करिअर सलग आहे हे दिसलं की नवीन जॉब इतका टोचत नाही.

नोटीस पीरियडमध्ये आहात? ही सगळ्यात अवघड जागा. कागदावर नोकरी आहे, पण परत यायला नोकरी नाही. नवीन ऑफर हातात असेल तर जॉइनिंगच्या तारखेचं पत्र हाच तुमचा परतीचा पुरावा, आणि ट्रिप त्या तारखेच्या आधी संपली पाहिजे. ऑफर नसेल तर शक्यतो अपॉइंटमेंट पुढे ढकला. आणि राजीनामा दिलाय का असं विचारलं तर दिलाय म्हणा.

फॉर्म भरल्यावर आणि इंटरव्ह्यूच्या आधी नोकरी बदलली तर जुना फॉर्म घेऊन जाऊ नका. सबमिट झालेला डीएस-१६० दुरुस्त करता येत नाही, नवीन भरावा लागतो, आणि मग अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये नवा कन्फर्मेशन नंबर टाकावा लागतो. हे आदल्या रात्री करू नका, तुमच्या वकिलातीचा त्यासाठीचा नियम आधी बघून ठेवा, नंबर जुळला नाही तर दारातूनच परत पाठवतात.

नोकरी गेलीय त्यांना कळकळीने सांगतो, जुन्या कंपनीचं नाव चालू नोकरी म्हणून लिहू नका. 'नॉट एम्प्लॉइड' निवडलं की खुलाशाला जागा येते, तिथे दोन ओळी खरं लिहा, जुनी कंपनी आधीच्या नोकऱ्यांत टाका. वकिलातींमध्ये फसवणूक तपासायची वेगळी टीम असते, कंपनीला फोन जाऊ शकतो. २१४(बी) च्या नकारानंतर उद्या व्हिसा मिळू शकतो, पण महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचा शिक्का, कलम २१२(ए)(६)(सी)(आय), बसला की अपात्रता कायमची, मग पुढे प्रत्येक व्हिसाला आधी सूट मागत बसायचं. तीन आठवड्यांच्या ट्रिपसाठी? नको रे बाबा. नोकरी नसताना घर, मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, आधी केलेले परदेश प्रवास आणि वेळेवर परत आल्याचा रेकॉर्ड, हे बोलतं.

धंदा स्वतःचा असेल तर लेटर स्वतःच स्वतःला देण्यात अर्थ नाही. रजिस्ट्रेशन, टॅक्स रिटर्न, धंद्याच्या खात्याचं स्टेटमेंट ठेवा, आणि एका प्रश्नाची तयारी करा, तुम्ही नसताना कोण बघणार? इथे गंमत आहे. "भाऊ सगळं बघतो" म्हणालात तर तुमची गरजच नाही असं वाटतं, "माझ्याशिवाय चालतच नाही" म्हणालात तर मग जाताय कसे. मधलं खरं उत्तर काढा, जसं की "रोजचं दोन कामगार बघतात, पण खरेदी आणि हिशोब माझ्याकडे, म्हणून दोन आठवड्यांच्या वर जाता येत नाही." घरच्या धंद्यात वडिलांच्या हाताखाली असाल आणि पेस्लिप नसेल तर निदान टॅक्स रिटर्नमध्ये ते उत्पन्न दिसू दे.

फ्रीलान्सर लोक "घरीच असतो" म्हणतात, ते बंद करा. चालू कामांचे करार, बिलं आणि बँकेत आलेले पैसे, एवढं पुरतं.

आणि घरातल्या ज्येष्ठांबद्दल. माझी मावशी तालमीत म्हणाली, "मी काही करत नाही." आयुष्यभर घर चालवलं आणि काही करत नाही! फॉर्ममध्ये होममेकर हा स्वतंत्र पर्याय आहे, तोच निवडायचा आणि तोंडीही तेच सांगायचं, घर बघते, सासूबाई माझ्याजवळ असतात. काका म्हणाले, "रिटायर झालो, आता मोकळाच आहे." मोकळा हा शब्द आपल्याला सुखाचा वाटतो, ऑफिसरला मात्र ऐकू येतं की याला परत यायचं कारण नाही. त्यांना म्हटलं, सांगा की इतकी वर्षं अमुक खात्यात होतो, अमुक साली निवृत्त झालो, पेन्शन चालू आहे, घर स्वतःचं आहे. हे सगळं खरंच होतं, फक्त बोलायचं सुचत नव्हतं.

संशोधक, विशेषतः अणू, रसायन, जैव, सेमीकंडक्टर अशा विषयांतले, यांना नोकरी उत्तम असूनही कधीकधी लगेच होकार मिळत नाही, २२१(जी) ची चिठ्ठी मिळते आणि बायोडेटा, प्रकाशनांची यादी, कामाचं वर्णन मागतात. घाबरू नका, फाइल पुढच्या तपासणीत जाते. फक्त तिकीट आधी काढून ठेवू नका.

नकार आला तर

२१४(बी) ला अपील नसतं. परत अर्ज करता येतो, ठरावीक वेळ थांबायची सक्ती नाही, पण नवीन फॉर्म, नवीन फी. आठवड्याभरात तीच नोकरी, तीच ट्रिप, तीच उत्तरं घेऊन गेलात तर पैसे वाया जायचीच शक्यता जास्त. काय बदललं ते स्वतःला विचारा, नोकरीत वर्ष झालं, प्रमोशन मिळालं, किंवा माझ्यासारखा ट्रिपचा मूर्खपणा दुरुस्त केला. पुढच्या फॉर्ममध्ये आधी नकार मिळालाय का असा प्रश्न असतो, तिथे हो लिहायचं, त्यांच्याकडे सगळं दिसतंच.

व्हिसा मिळाल्यावरही नोकरी पाठ सोडत नाही

व्हिसा मिळाल्यावर नोकरी बदलली तर व्हिसा आपोआप रद्द होत नाही. पण विमानतळावर उतरल्यावर आत सोडायचं की नाही आणि किती दिवस, हे सीमेवरचा ऑफिसर ठरवतो, आय-९४ नावाच्या प्रवेशाच्या नोंदीवर कधीपर्यंत राहता येईल ती तारीख पडते, आणि तोही "काय करता, कधी परत जाणार" विचारू शकतो. तिथे चालू परिस्थिती सांगायची, इंटरव्ह्यूच्या दिवशीची नाही.

तारीख सहा महिन्यांनंतरची पडली म्हणून सहा महिने राहिलात तर नियम मोडत नाही, पण मग पुढच्या रिन्युअलला हिशोब निघतो. ओळखीच्या एकाने तीन आठवडे सांगून साडेपाच महिने मुक्काम केला, पुढच्या वेळी खिडकीवर प्रश्न आला, "तेव्हा तुमची रजा २१ दिवसांची होती ना, मग नोकरी कशी टिकली?" टिकली नव्हतीच, परत आल्यावर नवीन शोधली होती. तसं त्याने खरंखरं सांगितलं. व्हिसा त्या दिवशी मिळाला नाही.